धुण्याभांड्याच्या बायकांची बैठक कशी बसवावी

दुपारी दोनची वेळ धरा. सकाळी साडेसहाला बाहेर पडलेली बाई एक-दीडला घरी येते, स्वतःच्या घरचं आवरते आणि चारला पुन्हा निघते. मधल्या वेळातला एक तास ती आपल्याला देते तो तिच्या झोपेचा असतो. म्हणून बैठक दोनला सांगितली तर दोनलाच सुरू करायची आणि तीनला उठायचं. संध्याकाळी बोलावू नका, स्वयंपाक आणि पाणी भरणं असतं. रविवार तर नकोच. त्या दिवशी साहेब-बाईसाहेब घरी असतात, काम दुप्पट पडतं, आणि ज्यांना सुट्टी मिळते त्या जोतिबाला जातात.

मी मूळची आजऱ्याची, घरी कोकणी बोलणाऱ्या कॅथलिक कुटुंबातली. एकतीस वर्षं कोल्हापुरात नर्स म्हणून नोकरी केली. निवृत्त झाल्यावर मठातल्या एका सिस्टरांनी मला वस्तीत नेलं. त्याला आता नऊ वर्षं झाली. आमच्या तीन वस्त्यांत घरकामगार बायकांच्या बैठका चालतात. "आमच्या भागातल्या बायकांसाठी काहीतरी करायचंय, सुरुवात कशी करू?" असे फोन येतात. फोनवर सगळं सांगता येत नाही, म्हणून लिहून ठेवते आहे.

पद्धत आमची नाही. जोसेफ कार्डाइन नावाचे बेल्जियमचे एक फादर होते, कष्टकरी घरातले. फादर होण्याचं शिक्षण घेताना, सेमिनरीतून ते सुट्टीला गावी आले तेव्हा बरोबरचे मित्र कारखान्यात लागले होते आणि त्यांच्याशी मोकळं बोलेनासे झाले होते. ते दुरावणं त्यांनी आयुष्यभर मनात ठेवलं. 1925 साली तरुण कामगारांची संघटना उभी राहिली तेव्हा त्यांनी तीन शब्द दिले: पाहा, पारखा, करा. 1961 साली पोप तेविसावे जॉन यांनी जगभरच्या चर्चला लिहिलेल्या पत्रात हेच तीन टप्पे घातले. फिलिपिन्सपासून दक्षिण कोरियापर्यंत कामगार वस्त्यांत बसणाऱ्या सिस्टर आणि फादर लोकांच्या हातात हे साधन आलं.

आपल्याकडे घरकामगारांसाठी ते वापरलं सिस्टर जीन डेवोस यांनी. त्याही बेल्जियमच्या. 1963 साली भारतात आल्या आणि 1985 साली त्यांनी घरकामगारांची राष्ट्रीय चळवळ सुरू केली. त्यांचा सिस्टरांचा संघ मात्र इथलाच म्हणायला हरकत नाही. इमॅक्युलेट हार्ट ऑफ मेरीच्या मिशनरी भगिनींची सुरुवात 1897 साली तमिळनाडूतल्या मुळगुमुडू गावात झाली.

या तीन शब्दांचा क्रम बदलू नका, एवढं माझं कळकळीचं सांगणं आहे. आपण मदत करायला निघालेली माणसं बहुतेक वेळा 'करा'पासून सुरुवात करतो. साड्या वाटतो, शिबिर घेतो, फॉर्म भरतो. बायका येतात, वस्तू घेतात, आभार मानतात आणि दुसऱ्या दिवशी होत्या तिथेच असतात.

जागा आणि पहिला दिवस

देवळात बसू नका, चर्चच्या आवारात बसू नका, नगरसेवकाच्या संपर्क कार्यालयात अजिबात बसू नका. तालमीची खोली मोठी असते, पंखा असतो, मंडळाची पोरं प्रेमाने चावीही देतात. पण बाहेर कट्ट्यावर तीच पोरं बसलेली असतील तर आत एकही बाई नवऱ्याच्या दारूबद्दल किंवा मालकाच्या नजरेबद्दल बोलणार नाही. आम्ही एका वस्तीत अंगणवाडीच्या खोलीत बसतो, दुसरीकडे एका आजींच्या सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या ओसरीत. सोपा उत्तम. तिथे कुणी पाहुणं नसतं.

धर्माचा विषय पहिल्याच दिवशी स्वतः काढा. माझ्या गळ्यात क्रॉस असतो, सिस्टर त्यांच्या पोशाखात असतात, लोकांच्या मनात प्रश्न येणारच. मी उभी राहून सांगते: "मी ख्रिस्ती आहे. या बैठकीत प्रार्थना होणार नाही. कुणाला चर्चला बोलावणार नाही. कुठल्या पक्षाचा माणूसही इथे येणार नाही. असं काही झालं तर तुम्ही बैठक बंद करा." आशियातल्या बिशपांची 1974 साली तैपेईला सभा झाली, तिथे त्यांनी ठरवलं की इथल्या चर्चने गरिबांशी, इथल्या संस्कृतींशी आणि इथल्या धर्मांशी संवाद करत जगायचं. सिस्टर त्याचा अर्थ साध्या शब्दांत सांगतात: शेजाऱ्यासारखं बसायचं. आमच्या बैठकीत मराठा, बौद्ध, मुसलमान, लिंगायत, निपाणीकडून आलेल्या कानडी बोलणाऱ्या, अशा सगळ्या आहेत. श्रावणात उपवासवालीला आणि रमजानात रोजावालीला चहाचा आग्रह करायचा नाही, एवढा एकच धार्मिक नियम आम्ही पाळतो.

पाहा

पहिले पाच आठवडे तुम्ही काहीही सुचवायचं नाही. फक्त विचारायचं आणि वहीत लिहायचं. पाच आठवडे गप्प बसणं जड जातं. मी आयुष्यभर रुग्णाला 'हे घ्या, ते घेऊ नका' सांगत आले, मला फार जड गेलं.

विचारताना "काय अडचणी आहेत?" असं विचारू नका. उत्तर येतं, "काय न्हाई, बरं चाललंय." बारीक विचारा. किती घरं? चालत की केएमटीच्या बसने? धुणं किती माणसांचं? दर शेवटचा कधी वाढला? आजारी पडलात तर बदली बाई कोण देतं? दिवाळीला काय मिळतं, साडी की पगार? चहा कुठल्या कपात?

कपाचा प्रश्न विचारला आणि खोली शांत झाली. मग एक म्हणाली, तिचा कप खिडकीत वेगळा असतो. दुसरीचा गॅलरीत, कुंडीच्या मागे. तिसरी म्हणाली, "मला कागदी देत्यात, त्ये बरं." ज्या गावात शाहू महाराजांनी गंगाराम कांबळ्यांच्या हॉटेलात जाऊन चहा घेतला, त्या गावातली ही गोष्ट. मला त्या रात्री झोप लागली नाही. पण वहीत लिहिण्यापलीकडे मी काही केलं नाही, कारण वेळ 'पाहा'ची होती.

पुराबद्दलही विचारा. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैत पंचगंगेचं पाणी शिरलं, कुणाचं घर बुडालं, कुणाची मालकमंडळी दुसरीकडे राहायला गेली. त्या दिवसांचा पगार कुणाला मिळाला आणि कुणाचा कापला? पगाराबद्दल एरवी न बोलणारी बाई पुराबद्दल बोलते, कारण त्यात तिला स्वतःचा कमीपणा वाटत नाही. या एका प्रश्नावर आमच्या दोन बैठका गेल्या.

आणि अंगाकडे बघा. हाताच्या बोटांच्या सांध्यात सोड्याने पडलेल्या भेगा, गुडघे, कंबर. मी नर्स म्हणून वर्षानुवर्षं एक गोष्ट पाहत होते आणि तिचा अर्थ मला बैठकीत कळला. लघवीच्या जळजळीच्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांत घरकाम करणाऱ्या बायका किती असायच्या! आम्ही गोळ्या द्यायचो, "पाणी भरपूर प्या" म्हणायचो. बैठकीत कळलं की त्या मुद्दाम पाणी पीत नाहीत. सकाळी सात ते एक, पाच-सहा घरं, आणि एकाही घरातलं बाथरूम वापरायची मुभा नाही. जे बाथरूम त्या रोज घासतात तेच.

पारखा

इथे आमच्या कामाला आला शेंगदाणा. निम्म्या बायकांना लिहिता येत नाही, आणि लिहिता येणाऱ्या दोघी-तिघीच बोलत राहिल्या तर बैठक त्यांची होते. जमिनीवर खडूने राजारामपुरीच्या गल्ल्या काढा. राजारामपुरीचं बरं आहे, गल्ल्यांना नंबरच आहेत. प्रत्येकीने आपण काम करतो त्या गल्लीत एका घरासाठी एक शेंगदाणा ठेवायचा. मग त्याच घराशेजारी, धुणं-भांडी मिळून महिन्याला जेवढे शेकडे मिळतात तेवढी तुरीची डाळ मोजून ठेवायची.

दहा मिनिटांत चित्र तयार होतं. एकाच गल्लीत, समोरासमोरच्या दोन घरांत, तेवढ्याच माणसांचं काम. एकीपुढे डाळीचे सात दाणे, दुसरीपुढे अकरा. दोघी वर्षानुवर्षं एकत्र चालत कामाला जायच्या आणि एकमेकींचा दर त्यांना माहीत नव्हता. सातवाली अकरावालीकडे बघत राहिली. तुम्ही या क्षणी बोलू नका. भाषण सुचतं, ते गिळा. "असं का झालं असेल?" एवढाच प्रश्न टाका आणि थांबा. कारणं त्याच सांगतात: मी अडलेली होतो म्हणून कमीत धरलं, माझी सासू आधी तिथं होती तोच दर चालू राहिला, मी उचल घेतली होती म्हणून बोलता येईना.

उचलीचं ऐकलं की सावकारीचं निघतं. तिथे सावध राहा. सिस्टर राणी मारिया मध्य प्रदेशात उदयनगर भागात आदिवासी शेतकऱ्यांना सावकाराच्या हातून सोडवून बँकेच्या दारापर्यंत नेत होत्या. 25 फेब्रुवारी 1995 रोजी बसमधून जाताना त्यांचा खून झाला. त्यांची सख्खी बहीण, त्याही सिस्टरच, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधून आल्या. राणी मारियांची आठवण मी प्रत्येक नव्या कार्यकर्तीला सांगते, कारण धाडसी माणूसच बहुधा एकटा जातो. बेकायदा सावकारीविरुद्ध 2014 चा कायदा आहे, तक्रार सहकार खात्याच्या सहायक निबंधकाकडे किंवा जिल्हा उपनिबंधकाकडे लेखी करता येते. ती बैठकीच्या नावाने, चार-पाच सह्या आणि अंगठ्यांनिशी करा. एकट्या बाईचं नाव पुढे करू नका, स्वतःचंही नको.

करा

पहिली मागणी बायका ठरवतील, तुम्ही नाही. माझ्या मनात सरकारच्या घरेलू कामगार मंडळाची नोंदणी होती. मी फॉर्मचे गठ्ठे आणून ठेवले होते. सहाव्या बैठकीत मी तो विषय काढला तेव्हा एक वयस्क बाई मला म्हणाली, "सिस्टर, तुमचं कार्ड मिळंल तवा मिळंल. आमी मुतायचं कुठं, ह्ये बोला की आधी." सगळ्याजणी एकदम बोलायला लागल्या. मी मठातल्या सिस्टरांकडे पाहिलं, त्यांनी मान हलवली. फॉर्म पिशवीत गेले.

पहिली मागणी छोटी, मालकाला पैसे न पडणारी आणि महिन्याभरात हो-नाही कळणारी असावी. बाथरूमची मागणी अगदी तशी होती. ती आम्ही अशी केली:

एकच गल्ली निवडली. वाक्य सगळ्यांनी मिळून तयार केलं आणि पाठ केलं: "ताई, सकाळपासून कामावर आहे, बाथरूम वापरू द्या, स्वच्छ ठेवीन." त्यात मागणी आहे, भांडण नाही. शेवटचे दोन शब्द बायकांनी घातले. मी म्हटलं, ते नको, तुम्ही तेच तर स्वच्छ करता. त्या म्हणाल्या, राहू दे. राहू दिलं. बुधवारी सकाळी अकरा घरांत एकाच दिवशी विचारलं, म्हणजे कुणी एकटी 'चढेल' ठरणार नाही. शक्यतो घरातल्या बाईला, ती एकटी असताना विचारायचं. सासू-सून दोघी असतील तर सासूला.

सात घरांनी हो म्हटलं. काही ताई तर ओशाळल्या, त्यांच्या हे लक्षातच आलं नव्हतं. एका अपार्टमेंटमध्ये पार्किंगमधलं वॉचमनचं संडास कुलूप काढून बायकांना दिलं. तिघांनी "बघू" म्हटलं. एका घराने त्याच दिवशी काम बंद केलं.

म्हणून ही गोष्ट आधी ठरवून ठेवा: एखादीचं काम सुटलं तर काय? आम्ही आधीच ठरवलं होतं की कुणीही त्या घरचं काम धरायचं नाही आणि पंधरा दिवसांत तिला दुसरं घर शोधून द्यायचं. आठ दिवसांत दोन घरं मिळाली. दरमहा प्रत्येकीचे वीस रुपये एका डब्यात जमतात, त्यातून तिला त्या महिन्याचा किराणा दिला. हा डबा बाहेरच्या देणगीने भरू नका. पुष्कळ चांगली माणसं द्यायला तयार असतात, त्यांना दुसरं काम सांगा. डबा बायकांचा असला की हिशेब बायका मागतात.

कपाचं नंतर, दुसऱ्या वर्षी, त्यांनीच हातात घेतलं. काहींनी घरून स्वतःचा स्टीलचा ग्लास नेला आणि स्वयंपाकघरातल्या मांडणीवर बाकीच्या ग्लासांत ठेवला. काही घरांत तो तिथेच राहिला.

कागदपत्रं

यावर थोडक्यात सांगते. महाराष्ट्रात 2008 साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. 18 ते 60 वयाच्या बाईची नोंदणी होते, जिल्ह्यात काम सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयातून चालतं. वयाचा आणि राहण्याचा पुरावा, फोटो सहज जमतात. अडतं मालकाच्या दाखल्यावर. सही केली तर उद्या आपल्यावर काही येईल अशी भीती घरोघर असते. दाखल्याचा मजकूर आपणच स्वच्छ अक्षरात लिहून न्या आणि सगळ्यांत समजूतदार घरी आधी विचारा. नोंदणीचं नूतनीकरण चुकवू नका. 2021 च्या कोरोना निर्बंधांच्या काळात सरकारने 1500 रुपये दिले ते नोंदीत घरकामगारांना. बाकीच्या तेवढंच काम करत होत्या आणि हात हलवत राहिल्या. ई-श्रमची, म्हणजे केंद्र सरकारची असंघटित कामगारांची नोंदणी वेगळी, 16 ते 59 वयासाठी, आणि नवीन नोंदणीला पैसे लागत नाहीत. आधारला मोबाईल जोडलेला नसेल तर आधी ते करा. कुणी एजंट पैसे मागत असेल तर बैठकीत त्याचं नाव सगळ्यांना सांगा.

चोरीचा आळ

हा प्रसंग येतोच. घरात दागिना सापडत नाही आणि पहिलं नाव बाईचं निघतं. पुढचं प्रत्येक बाईला तोंडपाठ हवं. घाबरून कामावर जाणं बंद करायचं नाही, ते कबुलीसारखं दिसतं. कशावरही अंगठा किंवा सही द्यायची नाही. ताबडतोब बैठकीतल्या दोघींना फोन. पोलिस ठाण्यात जायची वेळ आली तर तिघी-चौघी मिळून जायचं. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बाईला अटक करता येत नाही; अगदी अपवादात्मक प्रसंगी महिला पोलिस अधिकारी आणि न्यायदंडाधिकाऱ्याची आधी परवानगी लागते. वकील मोफत मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण बाईचं उत्पन्न विचारत नाही, फोन 15100. आमच्या एका बाईला दोन रात्री झोप नव्हती. तिसऱ्या दिवशी अंगठी मालकिणीच्या माहेरी सापडली. माफी कुणी मागितली नाही. बैठकीतल्या बावीसजणी तिच्या घरी जाऊन बसल्या, गल्लीने ते पाहिलं, आणि त्याने तिची मान परत वर आली.

मालकाने हात लावला, घाणेरडं बोलला, तर 2013 चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा घरकामगारांनाही लागू आहे. तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. पण त्या बाईला आधी एकटीला ऐका, सिस्टर किंवा तुम्ही, दार लावून. भर बैठकीत तिला बोलतं करू नका.

मुलींचं तारतम्याने घ्या. सुट्टीत आईच्या मागे भांडी विसळायला जाणारी पोरगी आणि परगावाहून आणून घरात ठेवलेली पोरगी, दोन्ही एक नव्हेत. 14 वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवायला 10 ऑक्टोबर 2006 पासून बंदी आहे. परगावच्या मुलीबद्दल कळलं तर मुलांच्या मदतीच्या 1098 या नंबरला फोन करा, वाट बघू नका. आईच्या मागे जाणारीबद्दल आईशी बोला, शाळेशी बोला.

16 जून

2011 साली याच तारखेला जिनिव्हात आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरकामगारांसाठीचा 189 क्रमांकाचा करार मंजूर केला. भारताने बाजूने मत दिलं, पण त्या कराराला अजून मान्यता दिलेली नाही. फिलिपिन्सने 2012 साली दिली आणि 2013 साली स्वतःचा कायदा केला: लेखी करार, आठवड्याला एक पूर्ण दिवस सुट्टी. हे मी बैठकीत सांगितलं तेव्हा मागून आवाज आला, "आठवड्याला? आमी म्हैन्याला दोन मागतोय आणि घाबरतोय." त्या वर्षी मागणी बदलली, महिन्याला चार झाली. काही घरांत तीनवर तडजोड झाली.

दरवर्षी 16 जूनला तिन्ही वस्त्यांची एकत्र बैठक घ्या. पाऊस असतो, ताडपत्री आधी बघून ठेवा, शाळा नुकत्याच सुरू झालेल्या असतात म्हणून वह्या-दप्तराचा खर्च अंगावर असतो. वर्गणी त्या महिन्यात मागू नका.

आणि तिसऱ्या वर्षापर्यंत वही तुमच्या हातातून गेली पाहिजे. सिस्टरांची बदली होते, त्यांच्या संघाचा तो नियमच आहे, त्या आज कोल्हापुरात तर उद्या झारखंडात. माझे गुडघे आता जिना चढत नाहीत. आमच्या पहिल्या वस्तीची वही मी सात दाणेवाल्या बाईकडे दिली. तिला लिहिता येत नाही. ती सांगते आणि तिची सातवीतली मुलगी लिहिते: तारीख, किती आल्या, कुणाचं काय झालं, डब्यात किती. गेल्या मंगळवारी मी गेले तर मला मागे बसायला जागा मिळाली. दोनला पाच मिनिटं कमी होती, आणि वही उघडलेली होती.